गुंजीचं पथ्य

तंजावरच्या माझ्या घरमालकांच्या सदऱ्याचा उजवा खिसा कायम खाली ओघळलेला असे, कारण त्यात शंभर ग्रॅमचं एक पितळी वजन असायचं. बाजारात वांगी घ्यायला गेले की ते वजन काढून भाजीवालीच्या पारड्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "तुझें शंभर इकडे, माझें शंभर तिकडे. बघूं कोण खोटें." हे तमिळमध्ये चालायचं, पण मला त्यांनी नंतर मराठीतून साग्रसंगीत सांगितलं होतं. ती बाई कपाळाला हात लावायची. वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर म्हणून उभी हयात काढून ते रिटायर झाले होते, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. अख्खी गल्ली त्यांना ‘तरासु राव’ म्हणे. तरासु म्हणजे तिकडचा तराजू.

मी मिरजेची. बँकेत हौसेनं बढती घेतली आणि नेमणूक आली तंजावरची. "तिथं पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसं राहतात, तुम्हाला घरच्यासारखंच वाटेल," असं साहेब म्हणाले. त्यांचं काय जातं! रावांच्या माडीवरची खोली बघायला गेले, तर त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दारातच म्हणाले, "तुमचें वजन किती?"

मी तडकलेच. "खोली भाड्यानं हवीय मला. वजन कशाला?"

"जिना लाकडी आहे, बाई. मागच्या भाडेकरणीनं दोन पायऱ्या मोडल्या." मग मला आपादमस्तक बघून स्वतःच म्हणाले, "त्रेपन्न. चालेल."

दुसऱ्या दिवशी मुद्दाम स्टेशनवरच्या यंत्रात नाणं टाकून बघितलं. खटकन तिकीट पडलं, त्रेपन्न किलो. मागे भविष्य छापलेलं होतं, ‘तुम्हाला चांगली माणसं भेटतील’. भेटली. ते यंत्र खोटं बोललं असं मी म्हणणार नाही.

त्यांचं मराठी ऐकून पहिले काही दिवस मला पोथीतलं कुणीतरी तमिळ हेल काढून बोलतंय असं वाटायचं. मज, तुज, काय करूं, कोठें जातां. मध्येच सरि, म्हणजे बरं, आणि अय्यो. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती, मराठी लिहायचं तर तमिळ अक्षरांत लिहायचे. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का, दोघंच. रावांनी लग्न केलं नाही आणि अक्का विशीच्या आतच विधवा होऊन परत आली, तेव्हापासून तिच्या हातचं जेवत आलेले. अक्का ऐंशीला टेकलेली, वाळलेल्या चिंचेसारखी बारीक, पण आवाज खणखणीत. रावांना ती ‘तंबी’ म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ. मला म्हणे पोरी.

रविवारी मला खाली जेवायला बोलवायचे. एकदा मी वजन कमी करायच्या खुळात होते, म्हणून पानावर हात आडवा धरला आणि म्हटलं, "अक्का, तूप नको." अक्कानं माझा हात सरळ बाजूला सारला. "तूप कोण घालतें तुज? ही शुद्धी." आणि भातावर पळीतून थेंबभर सोडलंच. मला हसू आलं, कारण माझी आई अक्षरशः हेच करायची. अन्नशुद्धी. भात वाढला, वरण वाढलं, की वर तुपाचा थेंब पडल्याशिवाय ते अन्नच नाही, नुसतं शिजवलेलं धान्य. ते तूप कुणी खात नाही, मोजत नाही. आमच्याकडे डॉक्टरांनी तूप बंद केलेल्या आजोबांच्या पानावरही तो थेंब पडायचा आणि आजोबा "माझं तूप बंद आहे" असं सांगत सांगत तो भात खायचे. रावांची अक्का पाहून मला इतक्या लांब आपलं माणूस भेटल्याचा आनंद झाला होता.

गुंजी ही मुळात रावांची नव्हतीच. माझ्या आधीच्या भाडेकरणीची, त्या जिना मोडणाऱ्या बाईची. त्या काळात पांढऱ्या केसाळ पॉमेरियन कुत्र्यांचं वेडच लागलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ निघाले, घराघरावर केबल आली, आणि ज्याच्याकडे चार पैसे खेळायला लागले त्यानं एक पॉमेरियन आणलं. त्या बाईंच्या नवऱ्याची मद्रासला बदली झाली. तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नव्हतं, म्हणून पिल्लू मागच्या परसात बांधून ते लोक निघून गेले. राव चिडले, त्यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मग एक दिवस त्यांनी पिल्लू उचलून तराजूत ठेवलं. काय करणार, सवय! एका पारड्यात पिल्लू, दुसऱ्यात वजनं. पिल्लानं पारड्यात बसूनच त्यांचा अंगठा चाटला. राव मला म्हणाले, "त्या क्षणीं काटा हलला, बाई. माझाच हात हलला." सोनाराच्या सगळ्यात लहान वजनावरून तिचं नाव ठेवलं गुंजी.

या माणसाला मी कधी कुणाशी लाडानं बोलताना ऐकलं नव्हतं. गल्लीतली माणसं त्यांना टाळायची. खोट्या वजनापायी अर्ध्या बाजारावर त्यांनी खटले भरले होते, त्यामुळे लग्नकार्याला बोलावणंसुद्धा यायचं नाही. आणि तोच माणूस रोज सकाळी पायरीवर बसून कुत्रीला कावेरीला पाणी किती आलंय ते सांगायचा. बँकेत जाताना मी ऐकायची. म्हातारपणी माणसाला एकच कुणीतरी मिळावं आणि ते तीन किलोचं असावं, याचं तेव्हा मला हसू यायचं.

तिसऱ्या वर्षी गुंजी आजारी पडली. आधी पिवळी उलटी. मग तेलकट, घाण वासाची शी. मग ती एक विचित्र गोष्ट करायला लागली. पुढचे पाय जमिनीवर पसरायची, छाती टेकवायची आणि मागचा भाग वर ठेवून तशीच थांबायची. राव म्हणाले, "नमस्कार घालते." अक्कानं हात जोडले. तो नमस्कार नव्हता, पोट असं दुखत होतं की तिला दुसरं कसं उभं राहावं हे कळत नव्हतं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात रावांबरोबर मी गेले, कारण मोपेडवर कुत्रीला धरायला कुणीतरी हवं होतं. पिशवीतून तिचं तोंड तेवढं बाहेर. तिथं सगळ्या गाई, म्हशी, शेळ्या. त्यांच्यात ही. डॉक्टर तरुण होता, समजूतदार होता. पोट चाचपून म्हणाला, पचनाची ग्रंथी सुजलीय. औषध आहे, पण खरं औषध पथ्य. "तूप, तेल, दूध, खोबरं, काही म्हणजे काही नाही. नुसता मऊ भात. एवढ्याशा जिवाला एक चमचासुद्धा विष आहे."

रावांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि घरी येऊन अक्काला दोन भाषांत तीन वेळा सांगितलं. अक्का मोठी धास्तावली. तोवर ती गुंजीला तूप-दूध कालवून भात घालायची. "सरि, तंबी. आजपासून अस्कें बंद," असं म्हणाली, अस्कें म्हणजे सगळं, आणि खरंच बंद केलं. दुधाची वाटी पालथी घातली. दही तिनं कुत्रीच्या नजरेसमोरसुद्धा आणलं नाही.

आणि मग सुरू झालं ते हाल पाहण्याचं वर्ष. चार दिवस बरी, चार दिवस वाईट. दवाखान्यात ठेवून सलाईन लावलं, उपाशी ठेवलं, की उठून बसायची, शेपटी हलवायची. राव तिला घरी आणायचे, तोंड फुललेलं असायचं. घरी आली, जेवली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तो नमस्कार. रोज सकाळी ते तिला तोलायचे आणि रोजच्या कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे वजन आणि शीचा रंग लिहून खिळ्याला लावायचे. "काल वीस ग्रॅम वाढली, बाई!" असं ओरडून मला जिन्यात थांबवायचे. मी बँकेला उशीर होत असताना "वा! छान!" म्हणायची. आठवड्यानं पारड्यातलं पन्नासचं वजन काढून ठेवलेलं दिसायचं. पुढं शंभराचं.

जेवली की पडते, म्हणजे भातातच काहीतरी आहे, असं रावांच्या डोक्यानं घेतलं. या माणसानं भाताचे प्रकार संपवले. उकडा तांदूळ, कण्या, पेज. तिरुवैयारुच्या एका शेतकऱ्याकडे वर्षभर जुना तांदूळ आहे कळल्यावर भर उन्हात बसनं जाऊन पिशवी घेऊन आले. त्रिचीच्या एका दुकानात कुत्र्यांचं परदेशी डबाबंद खाणं यायला लागलं होतं, ते आणलं. अक्कानं तो डबा हुंगून परसात फेकला, कारण घरात मांस चालत नाही. त्यावरून बहीण-भाऊ दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी राव स्वतः तांदूळ मोजायचे, स्वतः धुवायचे, चुलीपाशी बसून स्वतः शिजवायचे. वाढायची मात्र अक्काच. त्या घरात बाईमाणसाशिवाय कुणी वाढत नसे. भात झाला की राव आंघोळीला जायचे आणि अक्का परसातल्या धुण्याच्या दगडाजवळ गुंजीचं ताट ठेवायची. माझ्या मागच्या गच्चीतून तो दगड सरळ खाली दिसायचा.

मग रावांचा संशय माणसांवर गेला. दूधवाली लपून साय घालते. शेजारची मुलं मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, टाकतात. आणि एक दिवस ते माझ्या खोलीत आले. माझा तुपाचा डबा उघडून त्यांनी आत पातळीवर पेन्सिलीनं रेघ मारली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"तुम्ही मायेनं घालत असाल, बाई. मी रागावणार नाही. पण खरें सांगा."

मी जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. पाणउतारा केला त्यांचा. सहा दिवस मी त्या माणसाशी बोलले नाही. त्यांना काय वाटलं होतं, मी चोर आहे? सातव्या दिवशी ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले दिसले. मांडीवर गुंजी, हातात शाईचा ड्रॉपर. साखरमिठाचं पाणी एकेक थेंब तिच्या ओठांच्या कडेनं सोडत होते आणि ते कडेनंच बाहेर येत होतं. वर न बघता म्हणाले, "आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या तागडीतली खोट काढली, बाई. ही खोट मज सांपडत नाही." माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्याजवळ बसले आणि तिचं डोकं धरलं. कवटी हाताला लागत होती.

पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं तिला बघितलं आणि जरा चिडूनच विचारलं, "घरात कुणी तूप देतंय का? नीट आठवा."

राव म्हणाले, "एक थेंब नाही."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी त्या घरात राहणारी, शिकलेली, बँकेतली बाई. मी म्हटलं, "नाही डॉक्टर. अजिबात नाही. मी रोज बघते."

रोज बघते, असं म्हटलं मी.

ती एका शुक्रवारी दुपारी गेली. बँकेत फोन आला म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. राव तराजूपाशीच बसले होते, पण तिला पारड्यात ठेवलेलं नव्हतं. अंगावरच्या उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. कढीलिंबाच्या झाडाखाली आम्ही तिला पुरलं. खड्डा त्यांनीच खणला, माझा हात लागू दिला नाही.

संध्याकाळी अक्कानं बळेच आम्हां दोघांना पानावर बसवलं. राव भाताकडे बघत नुसते बसून राहिले. अक्का त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिला भावाची समजूत घालायची होती, आणि तिच्याजवळ जे सगळ्यात चांगलं होतं ते तिनं काढून दिलं.

"तंबी, रडूं नको. आपण तिचें कांही कमी केलें नाही. डाक्टर म्हणाला तूप बंद, मी बंद केलें. दूध बंद, तेंही बंद केलें. पण दोन्ही वेळां शुद्धी घातल्यावांचून एक दिवस तिज ताट दिलें नाही मी. मुकें जनावर झालें तरी घरचें लेकरूंच की. कधीं अशुद्ध खाल्लें नाही तिनें."

मला एकदम परसातला धुण्याचा दगड दिसला. ॲल्युमिनियमचं ताट, पांढरा मऊ भात, वाकलेली अक्का आणि तिच्या हातातली पळी. सकाळी ब्रश करताना, संध्याकाळी कपडे काढताना, मी गच्चीतून ते वर्षभर पाहिलं होतं. पळी भातावर कलंडायची. थेंब म्हणायचं, पण अक्काची नजर अधू झाली होती आणि गुंजीवर माया होती, तेव्हा चांगला चमचाभर जायचा. डॉक्टरनं विचारलं तेव्हा ते मला आठवलंसुद्धा नाही. आठवलं आणि लपवलं असं नाही, आठवलंच नाही! कारण ते तूप नव्हतं. मिरजेला आमच्या घरात ते तूप नव्हतं, तंजावरला त्यांच्या घरात ते तूप नव्हतं. त्या डॉक्टरच्या जागी मराठी माणूस असता तर त्यालाही ते दिसलं नसतं.

मी रावांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार, ताट भिरकावणार. अक्का तुपाचं भांडं घेऊन त्यांच्या पानाशी आली. पळी भातावर थांबली.

"घाल, अक्का," राव म्हणाले. तिनं घातलं. आणि त्यांनी तो भात, शिताशितानं, सगळा खाल्ला.

मी हात धुऊन जिना चढत होते तेव्हा ते मागून आले. लाकडी कठड्याला धरून उभे राहिले.

"बाई, तिज सांगूं नका."

"नाही सांगणार."

"ऐंशी वर्षांची आहे. कळलें तर जेवायची नाही ती. त्यांतच जाईल." मग म्हणाले, "मीही पाहिलें होतें. एकदां न्हवे, पुष्कळदां. आंघोळीहून येतांना. समोर उभा राहून पाहिलें, बाई, आणि तूप दिसलें नाही."

"मीही पाहिलं होतं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू ते त्यांना आधीच माहीत होतं, आणि खाली गेले.

त्यानंतर त्यांच्या खिशात ते पितळी वजन मी पुन्हा पाहिलं नाही. बाजारात भाजीवालीनं तागडीला अंगठा लावून धडधडीत कमी मोजलं, तरी ते पिशवी पुढे करून उभे राहत. ती भाजीवालीच बावरली होती. मला विचारायची, तरासु ऐयांना बरं नाही का? अक्का पुढे चार वर्षं जगली, आणि ते तिच्या हातचं दोन्ही वेळ जेवले. तिला काही कळू दिलं नाही. पण ते फार नंतरचं, आणि मला पत्रांतून कळलेलं. माझी तोवर बदली झाली होती. तिथून निघताना मला सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करते.

माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही तो दहावा दिवस. कुत्र्याचं दहावं कुणी करत नाही, पण अक्काच्या मनानं घेतलं होतं. तिनं मऊ भात केला आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेऊन कढीलिंबाखाली आली. मी गच्चीतून उतरून जवळ जाऊन उभी राहिले. या वेळी मला वरून बघायचं नव्हतं. अक्कानं वाकून पान मातीवर ठेवलं, हात जोडले, आणि एकदम जीभ चावली.

"अय्यो, तंबी! शुद्धी राहिली. गुडघे धरले रे माझे, तूं आण जा."

राव उभे होते तिथंच उभे राहिले. मला वाटलं, मी जावं, मी आणावं, निदान एवढं तरी करावं. पण मी गेले नाही. मग तेच आत गेले. बराच वेळ लागला. आले तेव्हा हातात तेच भांडं आणि तीच पळी होती. जन्मात पहिल्यांदा ते कुणाला तरी वाढत होते.

पळी भरून त्यांनी पानावर धरली. तीस वर्षं काटा धरलेल्या त्याच हातानं.

"किती घालूं?" त्यांनी विचारलं.

"रोजचें घालते तेव्हडेंच," अक्का म्हणाली. "कमी नको करूं."

त्यांनी दुसरा हात मनगटाला लावून पहिला स्थिर केला, आणि अक्का सांगत होती तेवढं, बरोबर तेवढं तूप भातावर सोडलं.